रातपाळी : भयकॉमिकचा लोगो आणि आतली पानं

कांडी_धोटा
नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून मराठीत एक भयकॉमिक काढतोय. गोष्ट सोलापुरातली आहे. बंद पडलेल्या कापडगिरणीचा भोंगा अजून रात्री वाजतो. सगळ्यांना तो ऐकू येत नाही, पण ज्याला येतो तो झोपेतून उठून चालू लागतो. नाव ठरलंय 'रातपाळी'. डेमी १/८ आकार, आत ४८ पानं, वर जाड कव्हर, पिन बाइंडिंग. चित्रं मित्राची, गोष्ट त्याच्या बहिणीची. लोगो, पानांची मांडणी आणि लेटरिंग (संवादांची, आवाजांची अक्षरं) माझ्याकडे.

लोगोबद्दल माझं मत पक्कं आहे, तरी इथं तपासून घ्यायचंय. ज्याला दाखवावं तो म्हणतो, अक्षरांतून रक्त ठिबकू दे. मला ते नको. इंग्रजी लोगोवरून उचललेलं ते ठिबकणं देवनागरीला चिकटवलं की अक्षर भीतीदायक होत नाही, नुसतं ओलं दिसतं. देवनागरीकडे स्वतःची शिरोरेषा आहे, सगळी अक्षरं तिला टांगलेली असतात. आमची गोष्ट सुताची आणि मागाची, म्हणून शिरोरेषा म्हणजे ताण्याचा, मागावर ताणलेला, एक धागा धरायचा आणि तो 'त' आणि 'पा'च्या मध्ये तुटलेला दाखवायचा. तुटल्यावर पुढची अक्षरं किंचित खाली लोंबतात. एवढंच.

आतल्या पानांचं मात्र ठरत नाहीये. मित्राला काळा रंग फार प्रिय, पानंच्या पानं काळी करून ठेवतो. बहीण म्हणते रंगीत करा. लेटरिंग हातानं करावं की फॉन्टनं, सोलापुरी बोली संवादाच्या फुग्यांत किती आणावी, गिरणीत तेलुगू बोलणारी माणसं आहेत त्यांचं काय करावं, असे बरेच प्रश्न आहेत. स्पष्ट लिहा, सगळं मनापासून वाचणार आहे.

शेंगाचटणी
काय बे, भुताचं कॉमिक आणि रक्त नाही? लसूण न घालता शेंगाचटणी कुटल्यासारखं झालं की हे. एक तरी थेंब ठेव ताई.

अक्षरवेडी
@शेंगाचटणी, रक्ताला माझाही विरोध आहे, आणि तो वाचनाच्या बाजूनं आहे. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, बहुतेकांच्या खाली मोकळी जागा असते, तिथं काहीही ओघळलं तरी अक्षर तेच राहतं. आपल्याकडे अक्षराखालची जागा उकाराची आहे. 'त'च्या खाली थेंब लोंबला की लोक 'रातुपाळी' वाचतील. वर शिंतोडे उडवले तर त्यातला एक हमखास अनुस्वार होऊन बसतो, मग 'रांतपाळी'. तिरका ओघळ आला की हलन्त. देवनागरीत अक्षराच्या वर, खाली आणि बाजूला सगळीकडे काही ना काही अर्थाचं बसलेलं असतं, सजावटीला रिकामी जागा फार थोडी.

शिरोरेषा तोडायची कल्पना मला आवडली, पण एक धोका सांगते. शिरोरेषा तुटली की मराठी डोळा तिथं शब्द संपला असं समजतो. 'रात पाळी' असं वाचलं गेलं तरी इथं अर्थ मोडत नाही, ते तुमचं नशीब. पण तुटणं तुटल्यासारखं दिसलं पाहिजे. नुसती फट सोडली तर वाटेल की फॉन्ट बिघडलाय. दोन्ही टोकं वेगवेगळ्या उंचीवर ठेवा, सुताचे दोन-तीन तंतू विस्कटलेले काढा, आणि 'पाळी' जरा कलती करा. एकाच बाजूनं आधार सुटलेली वस्तू लोंबते तेवढीच कलती.

आणि कृपा करून लोगो फॉन्टनं करू नका. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं हातानं रेखली, वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत नुसती ती अक्षरं पाहून नाटकाचा स्वभाव कळायचा. आपल्याकडे एवढी परंपरा असताना तयार फॉन्ट वाकवून लोगो करणं मला पटत नाही.

होटगीकर
मी आर्टिस्ट नाही, पण एक दिसतंय ते सांगतो. 'ळी'ची दुसरी वेलांटी बघा. उभा काना म्हणजे गिरणीची चिमणी, आणि वरून डावीकडे वळलेली वेलांटी म्हणजे धूर. धूर 'ळ'च्या डोक्यावरून मागं जातोय. सोलापूरच्या माणसाला लगेच समजेल. आणि 'ळ'ला दोन गोल आहेतच, डोळे काढायची गरजसुद्धा नाही.

शेंगाचटणी
चिमणीचं नाव काढलं, आता विमानतळ आलाच.

होटगीकर
@शेंगाचटणी, मी गिरणीच्या चिमणीबद्दल बोलूलालो बे. साखर कारखान्याची विमानांच्या आड येते म्हणून २०२३ सालीच पाडली, तो विषय संपला.

शेंगाचटणी
सोलापुरात तो विषय कधी संपत नसतो मालक.

संपादक
विमानतळासाठी वेगळा धागा वाहता आहे. इथं भुतंच राहू द्या.

पाठपोट
छापखान्यात आयुष्य गेलंय, म्हणून आतल्या पानांवर लिहितो. लोगोवर जाणकार बोलतीलच.

ताई, तुमच्या मित्राला पहिल्यांदा कागदाबद्दल समजावून सांगा. आपल्याकडे आतल्या पानांना साधारणपणे ७० जीएसएमचा (हा कागदाच्या वजनाचा आकडा, जास्त म्हणजे जाड) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकाचा साधा कागद, घालतात. त्यावर पानभर काळं सॉलिड, म्हणजे सलग भरीव शाई, मारलं की ते पाठीमागून दिसतं. पुढच्या पानावर एखादी बाई कोऱ्या भिंतीसमोर उभी असेल, तर त्या भिंतीत मागच्या पानाची काळी सावली उगवते. पाठपोट छपाईत हे टळत नाही, कमी करता येतं. ९० किंवा १०० जीएसएम घ्या, थोडा पिवळसर नॅचरल शेड मिळाला तर उत्तम, डोळ्याला बरा आणि काळा त्यावर मऊ बसतो. आणि मित्राला सांगा, मोठ्या काळ्याच्या नेमकं पाठीमागे कोरी जागा ठेवू नकोस.

दुसरं, सेटऑफ. जड सॉलिड असलेले कागद गठ्ठ्यात एकावर एक पडले की ओली शाई वरच्या कागदाच्या पोटाला लागते. पावडर मारतात, गठ्ठे लहान ठेवतात, वाळायला वेळ देतात. पण घाईच्या कामात हे सगळं कोण करतं? तुमचं काम लग्नसराईत नेऊ नका, पत्रिकांच्या गर्दीत तुमच्या काळ्या पानांकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नसते.

तिसरी एक गंमत. मोठ्या सॉलिडच्या मध्ये पांढरी खिडकी सोडली असेल, तर त्या खिडकीची फिकट सावली त्याच कागदावर भलत्या जागी उमटू शकते, कारण रोलरवर शाई सगळीकडे सारखी भरून येत नाही. छापखान्यात त्याला घोस्टिंगच म्हणतात. तुमच्या कॉमिकला चालेल कदाचित, पण मशिनवाल्याला नाही चालत.

फुग्यांतली अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. रंगीत करायचं ठरलंच, तर काही जण काळा गडद दिसावा म्हणून त्यात निळा-तांबडा मिसळतात. मोठ्या भागाला ते ठीक, बारीक अक्षरांना कधीच नाही. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं की प्रत्येक अक्षराला रंगीत कड येते.

कव्हरबद्दल एवढंच, घडीवर काळं सॉलिड असेल तर शाई तडकते आणि पांढरी रेघ दिसते. लॅमिनेशन आणि क्रीझिंग (घडीच्या जागी आधीच दाबून रेघ पाडणं) दोन्ही करून घ्या.

कांडी_धोटा
@पाठपोट काका, हे सगळं मित्राला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो गप्प झालाय. पण म्हणतो, मग भय आणायचं कुठून?

माळरान
@कांडी_धोटा, पांढऱ्यातून आणायचं.

जरा सविस्तर लिहितो. भय म्हणजे रात्र, काळोख, पाऊस, कौलारू घर, विहीर. हे सगळं कोकणातून आलेलं आहे आणि कोकणात ते शोभतंही. आपल्या भागात पाऊस कमी, झाडं विरळ, माळ उघडा. नान्नजकडच्या माळावर उभं राहिलं की लपायला जागा नसते, तुम्हालाही नाही आणि भुतालाही नाही. मे महिन्यातली दुपार आठवा. रस्त्यावर कुत्रं नाही, दुकानांची शटरं खाली, पत्रे तापून आवाज करतात. आमची आजी रात्रीपेक्षा दुपारच्या बाराला जास्त जपायची. भर दुपारी पिंपळाखाली थांबू नको, कुणी मागून हाक मारली तर वळू नको. तिची भीती लख्ख उजेडातली होती.

म्हणून वाटतं, गोष्टीत एक तरी प्रसंग भर दुपारचा घ्या. त्या पानावर काळं जवळजवळ नकोच. चौकटींच्या कडासुद्धा काढू नका. सावल्या नाहीत, कारण सूर्य डोक्यावर. सगळी माणसं सावलीशिवाय उभी आहेत आणि फक्त एकाची सावली लांब पडली आहे. वाचणाऱ्याला पहिल्या नजरेत कळणार नाही, दुसऱ्या नजरेत कळेल. पाठपोट काकांची शाईही वाचली.

अक्षरवेडी
@माळरान, त्या सावलीनं अंगावर काटा आला. हे पान व्हायलाच पाहिजे.

पेठकर
सगळं छान आहे, पण बाजाराचं कोण बघणार? एकरंगी कॉमिक आजची मुलं हातात घेत नाहीत. फोनवर सगळं रंगीत बघायची सवय आहे. पुण्याच्या प्रदर्शनात मी बघतो, लोक रंगीत पुस्तक उचलतात, चाळतात, मग किंमत बघतात. एकरंगी उचलतच नाहीत. माझं मत, फोर कलर करा, आर्ट पेपरवर करा, किंमत चढू द्या.

माळरान
मुलांसाठी काढताहेत असं कुठं म्हटलंय त्यांनी?

पाठपोट
@पेठकर, आर्ट पेपरवर काळा झकास दिसतो हे खरं, पण तो चकाकतो. दिव्याखाली पान धरलं की काळ्यात वाचणाऱ्याचं तोंड दिसतं. भयकथेत मला ते नको वाटतं. खर्चाचा फरक तर मोठा आहेच. मधला मार्ग म्हणजे दोन रंग. काळा आणि दुसरा एक. दुसरा कुठला, ते ताईंनी ठरवावं.

जुना_वाचक
लोगोतल्या शब्दांच्या आकारावरून आठवलं. अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्स प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीनं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात का याची सुनावणी घेतली होती, त्या दबावातून ती आली. तिच्यात शीर्षकाबद्दलचे नियम आहेत. मासिकाच्या नावात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरायचे नाहीत. 'क्राइम' हा शब्द मुखपृष्ठावर एकटा यायचा नाही, आणि नावातल्या बाकी शब्दांपेक्षा ठळकपणे मोठाही दिसायचा नाही. व्हॅम्पायर, चालती प्रेतं वगैरेंवर सरसकट बंदी. १९७१ साली नियम सैल केले, तेव्हा व्हॅम्पायरना पुन्हा वाट मिळाली, प्रेतं मात्र बाहेरच राहिली.

मला यात विशेष वाटतं ते असं, की लोगोतला एक शब्द किती मोठा असावा यावर नियम करावा लागला. एवढी त्या अक्षरांच्या आकाराची धास्ती होती. म्हणजे लोगो ही शोभेची वस्तू नाही, गोष्ट तिथूनच सुरू होते. कांडी_धोटा ताई, तुमच्या कव्हरवर 'थरारक भयकथा' अशी पट्टी टाकायचा आग्रह कुणी केला तर ऐकू नका. 'रातपाळी' एवढंच पुरे.

शेंगाचटणी
मग 'थरारक' काढा, किंमत तरी मोठ्या अक्षरात लिहा, आमच्यासारख्याला तेच थरारक असतं.

अशोकचौक
पहिल्यांदाच लिहितोय. आमचं घर पद्मशाली, विणकरांचं, घरी तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचे पॉवरलूम होते, मी त्या आवाजात झोपलेला माणूस आहे. दोन-तीन गोष्टी सुचल्या.

पहिली, आवाज. कॉमिकमध्ये आवाज अक्षरांनी लिहितात. मागाचा आवाज तुम्ही एखाद्या चौकटीत मोठ्या अक्षरात टाकणार असाल तर टाकू नका. मागावर राहणाऱ्याला तो आवाज ऐकूच येत नाही. तो बंद पडला की ऐकू येतो. लाइट गेली की आमच्या गल्लीतली सगळी माणसं दचकून जागी व्हायची. म्हणून असं करा, पहिल्या पानापासून प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक पट्टी चालू द्या, खट् टक् खट् टक्, एका शिरोरेषेत ओवलेली, कागदाच्या कडेपर्यंत. वाचणारा चार पानांनंतर तिच्याकडे बघायचं सोडून देईल. मग एका पानावर ती पट्टी नाही. चित्रात काही घडत नाहीये, बाई चहा गाळतेय. फक्त खाली पट्टी नाही.

दुसरी, तेलुगू. गिरणीतली माणसं एकमेकांत तेलुगूच बोलायची. सगळं मराठी करू नका. एंदिरा (काय रे), दय्यम (भूत) असे शब्द देवनागरीत तसेच ठेवा, संदर्भानं कळतात. लांब बोलणं असेल तर मराठीत लिहून फुग्याची कड वेगळी करा, म्हणजे हे मुळात तेलुगू आहे हे एकदा सांगितलं की पुढं कळतं. कन्नडचंही तसंच. सोलापूरच्या एका चाळीत तीन भाषा नसतील तर ती चाळ सोलापूरची नाही.

तिसरी गोष्ट लोगोची. धागा ठीक आहे, पण चादर सोडून कसं चालेल? चादरीवर नाव विणतात ते बघितलंय ना? जकार्ड मागावर विणायचं डिझाइन आधी आलेखाच्या कागदावर चौकटी भरून काढतात, मग त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. त्यामुळे चादरीवरच्या अक्षराला गोलाई नसते, वळणाच्या जागी पायऱ्या असतात. आणि चादर उलटली की तेच डिझाइन पाठीमागे, रंग उलटे, अक्षरं आरशातली. कव्हरवर 'रातपाळी' असं विणलेलं असू द्या, काळ्यावर पांढरं. मलपृष्ठावर तेच उलट्या बाजूनं, पांढऱ्यावर काळं. पुस्तक म्हणजे चादर.

कांडी_धोटा
@अशोकचौक, तुम्ही लिहिलेलं वाचून आम्ही तिघंही बराच वेळ बोललोच नाही. तळाची पट्टी घेतेय, परवानगी आहे ना? मलपृष्ठाचं तर डोक्यातून जात नाहीये.

अशोकचौक
परवानगी कसली अक्का, आमच्या गल्लीचा आवाज छापून येणार, अजून काय पाहिजे.

होटगीकर
मग माझी चिमणी?

अक्षरवेडी
@होटगीकर, चिमणीची कल्पना चांगली आहे, पण एका लोगोत एकच खोडी असावी. तुटलेला धागा, धुराची वेलांटी, डोळ्यांचा 'ळ' आणि वर विणकाम, असं सगळं घातलं तर वाचणारा कोडं सोडवत बसेल. आणि लोगो लहान करून बघायची सवय लावा. फोनवर कव्हर अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं. तेवढ्यात विस्कटलेले तंतू दिसणार नाहीत, पायऱ्यांची अक्षरं मात्र दिसतील. माझं मत बदलतंय, मी विणलेल्या अक्षरांच्या बाजूची. शिरोरेषेत एक चौकडा गाळलेला, एवढंच तुटणं पुरेसं होईल. विणकामात त्याला काय म्हणत असतील ते अशोकचौक सांगतील, पण एखादा धागा सुटला की कापडात रेघ पडते ती सगळ्यांनी पाहिलेली असते.

चिमणी आतल्या पहिल्या पानावर घ्या, शीर्षकाखाली चित्रात. तिथं ती हक्कानं उभी राहील.

बाळीवेसवाला
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. माझे आजोबा गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. सोलापुरात गिरणी बंद होणं ही कुणाच्या तरी घरची चूल विझलेली गोष्ट आहे. 'जुनी मिल' म्हणतात ती गिरणी १९४९ साली बंद पडली, १९५० साली केंद्र सरकारनं खास तिच्यासाठी कायदा करून कारभार ताब्यात घेतला, आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. वकिलीच्या पुस्तकांत आजही त्या खटल्यांतून सोलापूरच्या गिरणीचं नाव येतं. पुढं एकेक करत बाकीच्याही बंद झाल्या. ज्यांची देणी राहिली त्यांची मुलं-नातवंडं याच गावात आहेत.

तुम्ही त्या कामगारांना भूत करणार असाल, सुळे-बिळे देणार असाल, तर मला ते आवडणार नाही. भीती दाखवा, पण त्यांची नको.

पेठकर
कथा आहे हो, एवढं मनावर घ्यायचं नसतं.

बाळीवेसवाला
पेठकर, तुमच्या घरचं कुणी त्या फाटकासमोर उभं राहिलं नसेल, म्हणून तसं वाटतं.

कांडी_धोटा
@बाळीवेसवाला दादा, राग मुळीच नाही. हे कुणीतरी बोलायलाच हवं होतं. आमच्या गोष्टीत कामगार भूत नाहीत. जे उठून चालू लागतात ती आजची माणसं आहेत, नातवंडं. आत त्यांना जी माणसं भेटतात ती त्यांच्यावर झडप घालत नाहीत, हजेरी घेतात. नाव पुकारतात आणि जागा दाखवतात. भीती आहे ती भोंग्याची, की हाक आली आणि आपल्याला नाही म्हणता येत नाही.

तुमचं वाचून आम्ही एक ठरवलं. कुठल्याही खऱ्या गिरणीचं नाव, फाटक, पाटी चित्रात येणार नाही. चेहरेही विद्रूप करणार नाही. मित्र आता त्यांचे चेहरे साधे, दमलेले काढतोय, आणि खरं सांगायचं तर आधीच्यापेक्षा ते जास्त भिववतात.

बाळीवेसवाला
हजेरी घेतात हे वाचून मलाच कसंतरी झालं. आजोबा शेवटी शेवटी झोपेत पाळीच्या वेळा विचारायचे. काढा तुम्ही. माझी हरकत नाही.

विंगेतून
नाटकाचं नेपथ्य करतो, पानांच्या मांडणीवर लिहितो, कारण त्यावर इथं कुणीच बोललं नाही.

कॉमिकमध्ये पडदा म्हणजे पान उलटणं. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात पहिलं पान उजवीकडे येतं, म्हणजे विषम पानं उजवीकडे, सम डावीकडे. वाचणारा उजव्या पानाची शेवटची चौकट बघतो, उलटतो, आणि समोर डावं पान. त्यामुळे दचकवायचं ते सम पानाच्या पहिल्या चौकटीत, आणि त्याची चाहूल आधीच्या विषम पानाच्या शेवटच्या चौकटीत. दचकवणारं चित्र उजव्या पानावर ठेवलं तर पान उलटताच डोळ्याच्या कोपऱ्यातून ते दिसतं आणि डावं पान वाचायच्या आतच सगळं संपतं.

४८ पानं पिन बाइंडिंगला म्हणजे २४-२५ हे मधोमधचं पान एकाच कागदावर येतं. सलग दोन पानी चित्र कुठं घ्यायचं असेल तर तिथंच घ्या, बाकी ठिकाणी दोन वेगळे कागद जुळवावे लागतात आणि चित्र हलतं. गिरणीचा आतला मोठा हॉल, मागांच्या रांगा, तो तिथं.

आजच एक काम करा. साधे कागद दुमडून ४८ पानांची कच्ची वही करा, आकडे टाका, प्रत्येक पानावर पेन्सिलीनं चौकटींचे नुसते डबे काढा आणि ती वही एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात द्या. तो पान कुठं पटकन उलटतो आणि कुठं थांबतो ते बघत बसा. अशोकचौकांची तळपट्टी ज्या पानावर गायब करणार, ते डावं पान ठेवा. आणि त्याच्या शेजारच्या उजव्या पानावर ती परत आली पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल.

पाठपोट
@विंगेतून, मास्तर, अगदी बरोबर. एक जोडतो. पिन बाइंडिंगमध्ये आतले कागद बाहेर सरकतात, मग कटिंगला मधल्या पानांची कड जास्त कापली जाते. तळाची पट्टी कडेपर्यंत न्यायची म्हणता, तर बाहेर ३ मिलिमीटर ब्लीड (कापण्यासाठी कडेबाहेर जादा छपाई) द्या आणि ती खालच्या कडेपासून पुरेशी वर ठेवा, नाहीतर काही पानांवर अक्षरांचे पाय कापले जातील.

अक्षरवेडी
लेटरिंगचं राहिलंच होतं. मूळ प्रश्नात विचारलं होतं.

फुग्यांतलं बोलणं हातानं लिहिलं तर उत्तम, पण ४८ पानं एका हाताचं अक्षर सारखं राहणं कठीण, आणि नंतर एक शब्द बदलायचा तरी अख्खा फुगा पुन्हा. मी सुचवेन की मजकूर फॉन्टनं, आवाज आणि किंचाळ्या हातानं. मुक्त किंवा बालूसारखे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत, व्यावसायिक कामालाही चालतात. मुक्तमध्ये जाडीचे प्रकार बरेच आहेत, ते उपयोगी पडेल. इंग्रजी कॉमिकमध्ये सगळं मोठ्या लिपीत लिहितात, आपल्याकडे मोठी-लहान लिपी नाही, म्हणून जोर द्यायला जाडीच वापरावी लागते. तिरपी देवनागरी करू नका, सॉफ्टवेअर नुसतं ढकलून तिरपं करतं, फार वाईट दिसतं.

दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. त्यामुळे फुगे मोठे होतात, ते चित्रकाराला आधी सांगा, नाहीतर तो जागाच ठेवत नाही. काळ्यावर पांढरी अक्षरं घ्याल तेव्हा एक जाडी वरची घ्या. 'ळ', 'थ', 'ष' यांची पोटं शाईनं भरून येतात.

पाठपोट
आणि युनिकोडमधला मजकूर छापखान्याच्या जुन्या कोरल सॉफ्टवेअरमध्ये उघडला की जोडाक्षरं फुटतात. फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या चित्ररेषा करून, पीडीएफ द्या. रेषाकामाचं चित्र ६०० डीपीआयच्या खाली नको.

शेंगाचटणी
बोलीचं पण विचारलंय की. 'काय करूलालाव' असं फुग्यात आलं तर पुणेवाले वाचतील का?

पेठकर
वाचू की. आम्हाला कळतं सगळं.

अशोकचौक
बोली सगळ्यांच्या तोंडी एकसारखी नको. शिकलेली पोरगी घरात 'करूलाले' म्हणेल, ऑफिसात 'करतेय'. आणि हजेरी घेणारा मुकादम जुन्या वळणाचं बोलेल, थोडं तेलुगू, थोडं मराठी. त्याच्या तोंडी आजची बोली घातली तर तो आजचा वाटेल.

कांडी_धोटा
आज कच्ची वही केली आणि शेजारच्या काकूंना दिली. २१ व्या पानावर त्या थांबल्या, मग उलटलं. 'हे मला नको' म्हणून वही परत देत होत्या, मग पुन्हा मागून घेतली.

लोगो विणलेल्या अक्षरांचा करतेय. आलेखाचा कागद आणलाय, 'ळ'च्या दोन गोलांना पायऱ्या पाडताना फार वेळ जातोय. कमी चौकटी घेतल्या की तो 'छ' वाटतो, जास्त घेतल्या की विणकाम दिसत नाही. शिरोरेषेतला एक चौकडा 'त'नंतर गाळलाय. आतलं एकरंगी, नॅचरल शेडवर. दुपारचं पान कोरं ठेवतोय. दुसरा रंग फक्त कव्हरवर, आणि तोही लाल नाही, गेरूच्या जवळचा. @पाठपोट काका, ९० घ्यावा की १००? बजेट दोन्हीच्या मध्ये आहे.

अशोकचौक
'ळ' एकट्याला मोठा करता येणार नाही, सगळं नावच दाट आलेखावर घ्या आणि छापताना आकार तोच ठेवा. चादरीवर बारीक नावं तशीच काढतात.

पाठपोट
आधी सगळ्यात काळं पान आणि तुमचं ते दुपारचं कोरं पान, दोन्ही एकाच कागदाच्या पाठपोटावर येतील असं करून नमुना छापून घ्या. ९० वर एक, १०० वर एक. खिडकीपाशी उजेडात धरा. ९० वर दुपारच्या पानात मागचं काळं दिसलं नाही तर ९०च घ्या, वाचलेले पैसे कव्हरच्या लॅमिनेशनला लावा. दिसलं, तर १०० घ्या आणि प्रती थोड्या कमी छापा.